‘कबुतर परत येणार नाही’ असं लिहून देऊ नका: जाळीच्या धंद्यातला करार



कबुतर-जाळीच्या धंद्यावरचा व्हिडिओ टाकला, त्याच्याखाली एकच प्रश्न फिरून फिरून आला. "सर, पाच हजारांच्या कामाला करार कशाला? व्हॉट्सॲपवर रेट पाठवला, गिऱ्हाईक ओके म्हणालं, दोन तासांत जाळी मारली, जीपेवर पैसे आले. विषय संपला." व्हिडिओत वेळ कमी पडला म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी हे मान्य करतो की तोंडी करारही करारच असतो. आपला करार कायदा १८७२ सालचा आहे आणि त्यात प्रत्येक व्यवहार कागदावरच हवा अशी सक्ती नाही. व्हॉट्सॲपवरचं 'ओके' किंवा ईमेलवरची मान्यता यालाही किंमत आहे. अडचण येते ती सिद्ध करताना. 'ओके' नक्की कशाला म्हटलं होतं? रेटला? फक्त हॉलच्या बाल्कनीला, की किचनच्या खिडकीलाही? तीन वर्षांची गॅरंटी जाळी फाटण्याची होती, की कबुतर दिसण्याची? त्या दोन अक्षरांत यातलं काहीच नसतं. गिऱ्हाईक खोटं बोलतं असंही नाही बरं का. त्याला खरोखर तसंच आठवत असतं.

दुसरं, आपला धंदा इतर सर्व्हिसच्या धंद्यांसारखा नाही. एसीवाला एसी दुरुस्त करतो, तो एसी उठून शेजारच्या घरात जात नाही. आपल्या कामात समोर जिवंत प्राणी आहे. जाळी लावलीत तर कबुतर जाळीबाहेरच्या चज्जावर बसणार. आग्या मोहोळ काढलंत तर पुढच्या हंगामात माश्या पुन्हा त्याच उंच स्लॅबखाली येऊ शकतात, कारण त्यांना जागा लक्षात राहते. बिळं बुजवलीत तर उंदीर शेजारच्या डक्टमधून वाट काढणार. आता गिऱ्हाईकाच्या डोक्यात काय असतं? "पैसे दिले, म्हणजे प्राणी गेला पाहिजे." तुम्ही काय विकता? जागा बंद करून देण्याचं काम. या दोन समजुतींमध्ये जे अंतर आहे तिथेच शंभरातली नव्वद भांडणं होतात, आणि करार लिहायचा तो हे अंतर मिटवायला. बाकी कलमं नंतरची.

वचन कशाचं देताय?

तुमचं पॅम्फ्लेट काढून बघा. 'कबुतरांपासून १००% मुक्ती', 'लाइफटाइम गॅरंटी' असं काही छापलंय का? नव्वद टक्के लोकांनी छापलेलं असतं, कारण समोरच्या दुकानदाराने छापलंय. घरगुती गिऱ्हाईक हा ग्राहक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तो जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो आणि तिथे तुमचं पॅम्फ्लेट, इन्स्टाची पोस्ट, कोटेशन सगळं पुढे ठेवू शकतो. जाहिरातीत एक आणि करारात दुसरं असं असेल तर तुमची बाजू लंगडी पडते. म्हणून करार सुधारायच्या आधी पॅम्फ्लेट सुधारा.

वचन असं लिहा:

'सोबतच्या आराखड्यात दाखवलेल्या ७ उघड्या जागा नायलॉनच्या जाळीने बंद करून देऊ. या बंद केलेल्या भागात, जाळी शाबूत असताना, कबुतर आत शिरल्यास तक्रार मिळाल्यापासून ३ कामाच्या दिवसांत येऊन विनामूल्य दुरुस्ती करू. जाळीबाहेरचे चज्जे, शेजारच्या बाल्कन्या, गच्ची आणि एसीच्या आउटडोअर युनिटचा माथा यांचा या कामात समावेश नाही.'

बघा, यात कबुतराने काय करायचं याबद्दल एक शब्द नाही. तुम्ही काय बंद केलं आणि ते उघडं पडलं तर काय कराल, एवढंच आहे. आणि 'काय नाही' ते नाव घेऊन लिहिलंय. हे शेवटचं वाक्य लिहायला लोक घाबरतात. गिऱ्हाईक पळून जाईल असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. आउटडोअर युनिटचा माथा यात नाही असं वाचलं की गिऱ्हाईक लगेच विचारतं, "मग त्याचं किती होईल?" तिथे स्पाइक लावायचं वेगळं काम मिळतं.

'जागा' शब्दाबद्दल थोडं. 'बाल्कनीला जाळी' असं कधीच लिहू नका. बाल्कनीला तीन बाजू असतात, वर स्लॅबशी फट असते, खाली पाण्याचा पाइप जातो, बाजूला ग्रिल आणि भिंत यांत चार इंच उघडे असतात. एक साधी हाताने काढलेली आकृती, त्यात प्रत्येक उघड्या जागेला नंबर, रुंदी, उंची आणि काम सुरू करण्याआधीचा फोटो. मोबाइलवर दहा मिनिटांचं काम आहे. चौरस फूट कसे मोजणार तेही तिथेच लिहा: उघड्या जागेची रुंदी गुणिले उंची, दुमड धरायची की नाही, आणि किमान बिलिंग किती. 'तुम्ही ११० फूट लावलं, माझ्या टेपने ९६ भरतंय' हा वाद बॅलन्स देताना निघतो, आधी कधीच निघत नाही.

जाळीच्या भोकाचं मापही लिहा. कबुतर थांबवणारी दीड इंची जाळी चिमणीला थांबवत नाही. करारात 'पक्षी' असा शब्द असेल आणि चिमणी आत आली, तर तुमची पंचाईत. 'कबुतर' लिहा.

अंडी आणि पिल्लं

हा भाग बहुतेकांच्या करारात नसतोच, आणि प्रत्यक्षात सगळ्यात जास्त अडवतो. माणसं ड्रिल घेऊन पोचतात, झुल्यावरून खाली उतरतात, तर आउटडोअर युनिटच्या मागे घरटं आणि त्यात दोन अंडी. गिऱ्हाईक म्हणतं, फेकून द्या. तुमचा मुलगा म्हणतो, साहेब मी नाही फेकणार. शेजारच्या खिडकीतून एक काकू मोबाइलवर शूटिंग करत असतात.

प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० पासून आहे. पिल्लासकट जाळी ठोकून त्याला आत उपाशी मरायला सोडणं हा गुन्हा ठरू शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी मेलेल्या पिल्लाचा वास आठवडाभर येतो आणि फोन तुम्हालाच येतो. कबुतर एका वेळी साधारण दोन अंडी घालतं. ती फुटायला अठरा दिवसांच्या आसपास लागतात, आणि पिल्लू उडायला आणखी महिनाभर. म्हणजे ताजी अंडी सापडली तर ती जागा सुमारे दीड महिना लांबणीवर. हे आधी लिहिलेलं नसेल, तर गिऱ्हाईक म्हणणार 'तुम्ही काम अर्धवट सोडलं' आणि पूर्ण बॅलन्स अडवणार.

म्हणून:

'कामाच्या वेळी एखाद्या जागेत अंडी किंवा पिल्ले आढळल्यास ती जागा पिल्ले उडून जाईपर्यंत वगळून उरलेले काम पूर्ण केले जाईल आणि पूर्ण झालेल्या भागाचे बिल त्याच दिवशी देय राहील. वगळलेल्या जागेसाठी एक वेगळी फेरी विनामूल्य केली जाईल; झुला किंवा दोरीवरचे काम असल्यास त्याचा खर्च रु. ___ वेगळा.'

शेवटची ओळ विसरू नका. तळमजल्याला परत जायला पेट्रोल लागतं, अकराव्या मजल्याला झुला परत बांधायला दोन माणसांचा दिवस जातो. जाळी बंद करताना आत पक्षी अडकलेला नाही हे बघून, तसा फोटो काढून मग शेवटचा हूक मारायचा, हेही तुमच्या मुलांच्या सवयीत आणि करारातही असू द्या.

जे काम करताच येत नाही ते लिहूनही देऊ नका

सोसायटीची कमिटी एकदा तुमच्यावर खूश झाली की यादी वाढत जाते. "जाळीबरोबर ते गच्चीवरच्या माकडांचं पण बघा ना. पार्किंगमध्ये साप निघतात. पत्र्यावर रात्री उदमांजर नाचतं. आणि ती कुत्री, ती कुठे तरी लांब सोडून या." एकरकमी पॅकेज, मोठा आकडा, मोह होतो.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, २०२२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. त्यात 'शिकार' या शब्दाचा अर्थ आपल्याला वाटतो त्याच्यापेक्षा खूप मोठा आहे. मारणं तर आलंच; पण पकडणं, सापळा लावणं, हाकलणं, संरक्षित पक्ष्यांची किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी-घरटी खराब करणं हेही त्यात येतं. नाग, धामण, उदमांजर हे संरक्षित प्राणी आहेत. परवानगीशिवाय त्यांना पकडून देणं हे तुमच्या रेटकार्डावर येऊच शकत नाही. भटक्या कुत्र्यांचा विषय महापालिकेचा आणि त्याच्या नियमांचा. तुम्ही गाडीत घालून नेऊन सोडायचा नाही.

आता कराराचा यात संबंध काय? करार कायद्याचं कलम २३ सांगतं की ज्याचा उद्देशच बेकायदा आहे तो करार रद्दबातल. म्हणजे तुम्ही 'उदमांजर पकडून लांब जंगलात सोडणे, रु. ८,०००' असं लिहून काम केलंत आणि गिऱ्हाईकाने पैसे बुडवले, तर त्या कागदावर तुम्हाला एक रुपया मागता येत नाही. उलट तोच कागद तुमच्याविरुद्ध पुरावा. तुमची सही, तुमचं लेटरहेड, तारीख, सगळं व्यवस्थित.

त्या ओळीऐवजी ही ओळ घाला: 'साप, माकड, उदमांजर व इतर वन्यप्राणी आढळल्यास सोसायटीने वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर किंवा वनविभागाकडे नोंद असलेल्या सर्पमित्राशी संपर्क करावा. प्राणी निघून गेल्यावर त्याच्या येण्याच्या वाटा बंद करण्याचे काम आम्ही वेगळ्या कोटेशनवर करू.' फटी बुजवणं, ड्रेनेजला जाळी, पत्र्याखालची पोकळी बंद करणं, हे सगळं तुम्ही करू शकता आणि पैसाही त्यातच आहे. कीटकनाशक किंवा उंदराचं औषध वापरणार असाल तर मात्र १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालचा परवाना लागतो. तो नसेल तर 'पेस्ट कंट्रोल' हा शब्द करारात आणि बोर्डावरही लिहू नका. फक्त जाळी आणि फटी, एवढंच ठेवा.

एका डक्टचा हिशोब

माझ्या बॅचमधला एक मुलगा, नाव सांगत नाही. ठाण्याकडच्या एका सोसायटीचं सहा डक्टचं काम त्याला मिळालं, एक लाख चाळीस हजारांचं. मटेरियल, मजुरी, झुला धरून त्याचा खर्च अठ्ठ्याण्णव हजार. बेचाळीस हजार सुटणार होते. ॲडव्हान्स सत्तर मिळाला. कोटेशनवर एकच ओळ होती: 'कबुतरांचा कायमचा बंदोबस्त, ३ वर्षे गॅरंटी.' काम झालं, चांगलं झालं. पण बिल पास व्हायला वेळ लागला, आणि तेवढ्यात एका फ्लॅटच्या प्लंबरने ड्रेनेजचा पाइप बदलायला चौथ्या मजल्यावर जाळी कापली. परत शिवली नाही. पंधरा दिवसांत डक्ट कबुतरांनी भरलं.

सेक्रेटरी म्हणाले, कायमचा बंदोबस्त लिहिलं होतं, कबुतरं तर आत आहेत. त्यांच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही हेच म्हणाला असता. मुलाकडे काम पूर्ण झाल्याची सही नव्हती, फोटो त्याच्या कामगाराच्या फोनमध्ये होते आणि तो फोन बदलला होता. शेवटी त्याने नऊ हजार घालून जाळी पुन्हा लावून दिली आणि सत्तरऐवजी पंचेचाळीस हजारांवर तोडपाणी झालं. हिशोब करा: बेचाळीसच्या जागी हातात आठ हजार. तीन आठवड्यांच्या कामाचे.

या मुलाचा रेट बरोबर होता, काम बरोबर होतं. कागदावर फक्त दोन गोष्टी कमी होत्या. पहिली, वॉरंटी कशाने संपते:

'एसी मेकॅनिक, प्लंबर, केबलवाला, रंगकाम करणारे किंवा अन्य कोणी जाळी कापल्यास, सोडल्यास, तसेच आग, फटाके, मांजा किंवा उंदराने कुरतडल्याने झालेले नुकसान वॉरंटीत येत नाही. आउटडोअर युनिट किंवा पाइपच्या दुरुस्तीसाठी जाळी उघडायची असल्यास आधी कळवावे. जाळी उघडून परत बसवण्याचा दर रु. ___ प्रति फेरी.'

हा 'उघडून बसवण्याचा दर' नक्की ठेवा. गिऱ्हाईकाला नुसतं 'कापू नका' म्हणून चालत नाही, त्याचा एसी तर दुरुस्त व्हायलाच हवा. त्याला रस्ता दाखवलात तर तो तुम्हाला फोन करेल. ज्यांचं एसी सर्व्हिसवाल्याशी ओळखपाळख आहे त्यांनी तर त्यालाच सांगून ठेवावं.

दुसरी गोष्ट म्हणजे काम पूर्ण झाल्याचा कागद. अर्ध्या पानाचा. 'आज दि. ___ रोजी जागा क्र. १ ते ६ चे काम पाहिले, पूर्ण व व्यवस्थित आहे', खाली सही, नाव, पद. त्याच दिवशी घ्यायचा, माणसं खाली उतरल्यावर, झुला सोडायच्या आधी. झुला गेला की कोणीही वर जाऊन बघू शकत नाही. आणि 'उद्या बघतो' चा उद्या येत नाही.

सोसायटी असेल तर

सोसायटीत तुमच्याशी बोलतो एक माणूस, पैसे देतात पाच जण, आणि तक्रार करतात ऐंशी. करारावर सही कोणाची हे म्हणून महत्त्वाचं. 'मी चेअरमन आहे ना, करून टाका' यावर काम सुरू करू नका. कमिटीच्या ठरावाचा नंबर आणि तारीख करारात लिहा, सही सोसायटीच्या शिक्क्यासह. रक्कम मोठी असेल तर उपविधींप्रमाणे सर्वसाधारण सभेची मंजुरी लागू शकते, ती झालीय का विचारा. निवडणूक होऊन कमिटी बदलली की नवीन सेक्रेटरी पहिलं वाक्य बोलतात, 'हे काम आम्ही दिलेलं नाही.'

प्रत्येक सोसायटीत कबुतरांना दाणे घालणारेही असतात. २०२५ मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांचा विषय उच्च न्यायालयापर्यंत गेला, लोक रस्त्यावर आले. तेव्हा हा विषय किती नाजूक आहे ते सगळ्यांनी पाहिलं. तुमचा मुलगा त्यांच्या खिडकीतून आत जाणार असेल आणि त्यांनी दार उघडलं नाही, तर? एक ओळ: 'फ्लॅटमध्ये प्रवेश मिळवून देण्याची जबाबदारी सोसायटीची. प्रवेश न मिळाल्याने वाया गेलेल्या दिवसाचा आकार रु. ___.' तुम्ही त्या वादात पडू नका, कोण बरोबर कोण चूक याच्यावर तिथे उभं राहून मत देऊ नका.

भाडेकरू असेल तर मालकाची व्हॉट्सॲपवर का होईना परवानगी घ्या, कारण तुम्ही भिंतीला भोकं पाडणार आहात. इमारतीच्या बाहेरच्या बाजूला काम असेल तर सोसायटीची एनओसी कोण आणणार तेही लिहा. गिऱ्हाईकाने आणायची.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. अकराव्या मजल्यावर माणूस दोरीवर लटकलेला असतो. कामावर अपघात झाला तर जखमी कामगाराला किंवा त्याच्या घरच्यांना काम देणाऱ्या मूळ मालकाकडे, म्हणजे सोसायटीकडेही, भरपाई मागता येते आणि सोसायटी ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करू शकते. म्हणून शहाण्या कमिट्या करारात 'कामगारांची सर्व जबाबदारी ठेकेदाराची' हे कलम घालतात. त्यावर डोळे मिटून सही करू नका आणि ते काढायलाही सांगू नका, कारण जबाबदारी तुमचीच आहे. कामगारांची विमा पॉलिसी काढा, तिचा नंबर आणि मुदत करारात लिहा. प्रीमियम कोटेशनमध्ये धरा. त्याबदल्यात तुम्हीही लिहून घ्या: गच्चीवर दोरी बांधायला पक्की जागा सोसायटी दाखवेल, काम चालू असताना गच्चीचं दार कोणी बंद करणार नाही, खालची पार्किंगची जागा मोकळी ठेवली जाईल. पाऊस किंवा जोराचा वारा असेल तर काम थांबेल आणि त्याचा दंड लागणार नाही. जूनमध्ये काम घेणाऱ्यांनी हे कलम ठळक करा. एखाद्या मुलाला पावसात दोरीवर चढवायचं, कारण उशिराचा दंड लागेल म्हणून, अशी वेळ तुमच्यावर कागदामुळे येऊ नये.

विष्ठेची सफाई कोणाकडे, तेही बोलून घ्या. डक्टमध्ये वर्षानुवर्षांची विष्ठा साचलेली असते, तिची धूळ फुफ्फुसांना वाईट. पाणी मारून, मास्क लावून काढायची. हे जाळीच्या दरात फुकट करू नका, वेगळी ओळ, वेगळा दर.

पैसे

पटापट सांगतो. ॲडव्हान्स किती, उरलेले कधी: तारखेने लिहा. 'काम झाल्यावर' असं लिहिलं की काम कधी झालं याचा वाद. छोट्या घरगुती कामाला ५० टक्के आधी, उरलेले त्याच दिवशी. सोसायटीला तीन टप्पे करा: करारावर, अर्ध्या जागा झाल्यावर, पूर्णतेच्या सहीनंतर.

उद्यम नोंदणी केली नसेल तर आज करा, फुकट आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याखाली सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल ठरलेल्या तारखेला द्यावं लागतं, आणि ही तारीख लेखी ठरवायची असते; ती ४५ दिवसांपेक्षा लांब ठेवता येत नाही. लेखी काहीच ठरलं नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. तुम्ही प्रत्यक्षात व्याज मागाल की नाही ते सोडा. बिलावर उद्यम नंबर आणि करारात ही ओळ असली की खजिनदारांचं तुमच्या बिलाकडे लक्ष राहतं.

जीएसटी नंबर असेल तर दर 'अधिक जीएसटी' की 'जीएसटीसह' हे लिहा. मोठ्या बिलावर सोसायटी टीडीएस कापते; एकट्याची प्रोप्रायटरी फर्म असेल तर १ टक्का. ते तुमचेच पैसे आहेत, रिटर्न भरून परत मिळतात किंवा करात वळते होतात. त्यावरून खजिनदारांशी भांडू नका.

स्टॅम्प पेपर लागतो का? हे बरेच जण विचारतात. पाच हजारांच्या बाल्कनीला कोणी स्टॅम्प आणत नाही; सही केलेलं कोटेशन आणि वर्क ऑर्डर पुरते. सोसायटीच्या मोठ्या कामाला किंवा वर्षाच्या एएमसीला स्टॅम्पवर करा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा जमाना गेला, अशा साध्या करारनाम्याला ५०० चा लागतो. स्टॅम्प नसला म्हणून करार रद्द होत नाही, पण वेळ आली तर कोर्टात तो पुरावा म्हणून दाखवायला आधी शुल्क आणि दंड भरावा लागतो. मोठ्या रकमेचा पहिला करार एकदा वकिलाकडून वाचून घ्या. नंतर तोच नमुना वर्षानुवर्षं चालतो.

सही कशी मागायची

आता खरी अडचण. तुम्ही चार पानांचा इंग्रजी करार इंटरनेटवरून उतरवून एखाद्या आजोबांपुढे ठेवलात, तर ते घाबरणारच. त्यांना जाळी हवीय, कोर्टकचेरी नको. आपल्या घरगुती कामाचा करार एका पानाचा, मराठीत, मोठ्या अक्षरात. पुढच्या बाजूला जागा, माप, दर, तारखा. मागच्या बाजूला सहा-सात अटी. त्याला 'करारनामा' म्हणायचीही गरज नाही, वर 'कामाचा तपशील व वॉरंटी' लिहा.

आणि कागद हातात देऊन गप्प बसू नका. वाचून दाखवा. मी मुलांना असं बोलायला शिकवतो: "काका, हे वॉरंटी कार्ड आहे. दोन वर्षांत जाळी सुटली, उसवली तर हा कागद दाखवा, मी फुकट करून देणार. फक्त एसीवाला आला तर आधी मला फोन करा, त्याला कापू देऊ नका. आणि ही वरची फट तुम्ही नको म्हणालात, ती यात नाही, बघून घ्या." एवढं बोलायला दोन मिनिटं लागतात. काका बहुतेक वेळा म्हणतात, "मग ती फट पण करून टाक."

दोन प्रती करा, एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे. सही झाली की तिथेच दोन्ही बाजूंचा फोटो काढून गिऱ्हाईकाच्या नंबरवर पाठवा, म्हणजे कागद हरवला तरी तारखेसकट दोघांकडे राहतो. कामाआधीचे आणि नंतरचे फोटो त्याच चॅटमध्ये टाका. कामगाराच्या फोनवर काही ठेवायचं नाही. काम चालू असताना गिऱ्हाईकाने एखादी खिडकी वाढवली तर तीही त्याच चॅटमध्ये: 'जागा क्र. ८ वाढवली, ३ बाय ४ फूट, रु. ___, ठीक आहे ना?' आणि उत्तर आल्याशिवाय ड्रिल चालू करू नका.

झुल्यावरच्या कामाचा दर कसा काढायचा यावर पुढचा व्हिडिओ येतोय. तुमच्याकडे आत्ता जे कोटेशन वापरताय त्यातली गॅरंटीची ओळ जशीच्या तशी कमेंटमध्ये टाका, गिऱ्हाईकाचं नाव काढून. ती कशी बदलायची ते तिथेच लिहून देतो.